उजवीकडची खिडकी

मेजावर नकाशा, त्यावर पावाचा चुरा.
दोरू नदी चुऱ्याखालून वाहतेय.

अदेलिनुमामा म्हणतो, मोटार काढू,
हवं तिथं थांबता येतं.
पण त्या वळणांवर नदी बघेल त्यानं चाक धरू नये,
आणि चाक तर तो कुणाला देत नाही.

ग्रासिएतमावशीला बोटच हवी.
धरणाच्या दारात बोट कोंडतात, खालून पाणी भरतात,
हातातला पेला न हिंदकळता माणसं वर येतात म्हणे.
भाडं ऐकलं, मग तीही गप्प.

मी वेळापत्रक वाचते. सकाळची गाडी, पिन्यांवला जेवण,
अंधाराआधी पोर्तो.
तीन तिकिटं. आजीपाशी शेजारीण बसेल,
ते कालच ठरलंय.

आजी मटार सोलतेय.
"जाताना उजवीकडं बसा," ती मटारांना सांगते.

तू कधी गेलीस?

"गेले कुठली! रेग्वाच्या फलाटावर गोळ्या विकायचे.
गाडी थांबली की डावीकडचे लगेच सुट्टे काढत.
उजवीकडच्यांना दोन-दोन हाका माराव्या लागत.
काहीजण तर उरलेले पैसेही विसरत."

एक दाणा घरंगळला, नकाशावरून
थेट पिन्यांवच्या पुढं जाऊन थांबला.
कुणी उचलला नाही.

मामानं किल्ली खिळ्याला लावली.
मी तीनवर काट मारली.
"पण माझे गुडघे..." म्हणत आजी उठली,
आत जाऊन खण उघडू लागली,
कुठलासा निळा रुमाल शोधत.