प्रश्न एकोणीस

जुबैल, गेट नंबर सात.
नकाशे स्कॅन करायचं कंत्राट, अकरा महिन्यांचं;
त्याआधी चौकशी.

दापोली ठाण्याचा दाखला
तीनदा परत आला:
मुकादम की मुकद्दम, ठरेना.
बोटांचे ठसेही मशीन घेईना,
नऊ वर्षं सिमेंटच्या गोदामात झिजलेली बोटं.
मल्याळी कारकून म्हणाला, लिंबू चोळून ये.

फॉर्मवर प्रश्न एकोणीस:
परदेशात कोणी नातेवाईक?
पेन अडलं.
रुबीना, दोघी पोरी,
अब्बांची कबर धरायची का?
आणि परदेश नेमका कुठला?
लिहिलं: सगळेच.

आता पिवळा पास गळ्यात.
कुठली पाइपलाइन कुठे वळते, मला ठाऊक.
रात्री फोनवर रुबीना विचारते,
आज काय काय केलंत?
सांगतो, मच्छी खाल्ली.
सुरमई नव्हती.