एकास बहात्तर

डब्यावर लिहिलंय : एकास बहात्तर.
म्हणजे या मापात मी उभा राहिलो
तर अडीच सेंटिमीटरही भरणार नाही,
हेल्मेट घालूनसुद्धा.

सीताबर्डीतल्या एका पोटमाळ्यावरच्या दुकानातून
निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी आणलं हे विमान.
करड्या प्लास्टिकच्या चार चौकटी,
आणि त्यांना कच्च्या चिंचांसारखे लटकलेले
सत्तावन्न भाग.
दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का जी?"
मी हो म्हटलं.
मला नातू नाही.

अजनीच्या शेडमध्ये चौतीस वर्षं
सव्वाशे टनांची इंजिनं उघडली, मिटवली.
पाना हातात आला की मनगटालाच कळायचं
नट कुठवर आवळायचा.
इथं चिमट्यात धरली
तर काडीएवढी दांडी टणकन उडाली, कूलरखाली गेली,
पाऊण तास मी फरशीवर पालथा.
रत्नमाला दारात :
"का ढुंढून राह्यले जी?"
"चाक. विमानाचं."
"जेवून घ्या आधी. उडून नाही जात."

शिकवतो मला वरच्या मजल्यावरचा सुमेध, अकरावीतला.
काका, पिळून तोडू नका,
नेलकटरनं जरा दुरून कापा, उरलेला कोंब घासा.
काका, आधी गोंदाशिवाय जोडून पाहा.
मी मुकाट ऐकतो.
किती अप्रेंटिसांवर मी हेच ओरडलोय,
बसवून पाह्य ना बे आधी, मग ठोक!

मे महिना. शेहेचाळीस डिग्री.
विमान बहात्तरनं भागलं, वैमानिकही भागला,
ऊन तेवढं पुऱ्या मापाचं.
डबीतून पंखापर्यंत पोचेस्तोवर
रंग ब्रशाच्या टोकावरच वाळतो.
कूलर लावला तर ओल धरून पांढुरका पडतो.
म्हणून पहाटे साडेचारला उठतो,
पहिल्या पाळीला उठायचो तसा.
एक पातळ हात. थांबायचं.
चहा.
आणखी एक पातळ हात.

कॉकपिट आधी रंगवायचं,
मग दोन्ही बाजूंनी विमान मिटून घ्यायचं.
तिथली तीन बटणं मी टूथपिकनं लाल केली.
सुमेध म्हणाला, "काच बसली की दिसणार नाहीत."
माहीत आहे ना, बाबू.
मोटरच्या पोटात मी ज्या तारा ओळीनं बांधल्या
त्या कोणत्या प्रवाशानं पाहिल्या?

आणि सगळं झाल्यावर, म्हणे, मळवायचं.
नवंकोरं विमान खोटं दिसतं.
काळा रंग पाण्यासारखा पातळ करून
फटीफटींत सोडायचा,
मग पुसायचा, पण सगळा नाही.
इथं माझा हात थबकला.
कार्बनची भुकटी, तेलाचा चिकटा
चौतीस वर्षं चिंध्यांनी काढत आलो,
नखांतून कधी निघाला नाही.
आता शून्य नंबरच्या ब्रशनं तोच लावतोय.
कुठं साचतो, कुठून ओघळतो,
वाऱ्याच्या कोणत्या अंगाला फराटा जातो
हे मात्र मी सांगत होतो
आणि सुमेध गप्प.

एक राहिलंच.
डाव्या पंखाखाली गोंद जास्त झाला होता.
हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिकच विरघळवतो.
मी अंगठा टेकला आणि ठसा उमटला,
दोन हात रंग चढूनही दिसतो.
मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला
बँकेतल्या यंत्रानं हाच अंगठा सहा वेळा नाकारला.
"रेषाच नाहीत काका," ती मुलगी म्हणाली.
इथं आहेत. भिंगातून मोजल्या,
एकोणीस.

सुमेधनं चारशे नंबरचा पॉलिश पेपर ठेवलाय टेबलावर.
कालही तिथंच होता.