सावली, पंचाहत्तर टक्के

आर्ब्रोथच्या हाय स्ट्रीटवर, चष्मेवाल्याला खेटून
आमचं फोटोचं दुकान. पुढे पासपोर्टचे फोटो,
मागच्या खोलीत मी आणि दोन स्क्रीन.
दार उघडलं की धुरी दिलेल्या हॅडकचा वास आत येतो.
गावात सगळ्यांच्या कोटांना असतो तो, आता माझ्याही.

एफी स्वँकी मंगळवारी आली,
पिशवी ओटीसारखी पोटाशी धरून.
दोन फोटो. एकात नातीचं लग्न, बंदराच्या भिंतीपाशी
बारा माणसं आणि मध्ये एकाएवढी रिकामी जागा.
मीच सोडायला लावली, म्हणाली.
दुसऱ्यात अ‍ॅलेक, कुणाच्या तरी बारशाला,
सुटात, डोळे किलकिले, हातात केकची बशी.
"याला तिथे उभा कर. बशी काढून टाक."

बशी काढायला पाऊण तास लागला.
तिच्याबरोबर चार बोटं गेली, ती मग
त्याच्याच दुसऱ्या हाताची आणली, उलटी करून.
कानामागचे केस सोडवले, एकेक.
आणि तो उभा राहिला. म्हणजे, चिकटला.
रुखवतातल्या पुठ्ठ्याच्या बाहुल्यासारखा.

सावली देऊ म्हटलं. लेयरवर दोनदा क्लिक,
खिडकी उघडते: उठाव, कड, आतली सावली, बाहेरचा उजेड.
पडछाया तर आधीच भरून येते, पंचाहत्तर टक्के,
कोन एकशेवीस अंश, आणि शेजारी एक चौकट,
तिच्यात बरोबरची खूण: सगळ्या लेयरना एकच सूर्य.
हा सूर्य मी रोज वापरते.
इथे डिसेंबरात साडेतीनला दिवे लागतात
तेव्हाही तो वर डावीकडे, नेमून दिल्यासारखा.

सावली लांबवली, मऊ केली, जमिनीवर निजवली,
भिंतीपाशी मोडून वर चढवली,
खऱ्या सावल्या चढतात तशी.
मालक डोकावून गेला. फाइन, म्हणाला.
त्याच्या तोंडून हे म्हणजे खूप झालं.

मागे सुश्रुतने, माझ्या आतेभावाने,
इचलकरंजीच्या मुंजीत मला असंच बसवलं होतं.
बाहेरचा उजेड लावला होता, पिवळा, चाळीस पिक्सेल.
सगळे पंगतीला बसल्यासारखे
आणि मी देव्हाऱ्यातून उठून आल्यासारखी.
आईने तोच फ्रेम करून घेतला.
"आलीसच की तू," म्हणाली.

एफी शुक्रवारी आली. चष्मा बदलला.
बराच वेळ काही बोलली नाही, मग बोट ठेवलं,
चेहऱ्यावर नाही, पायाशी.
"हे काय?"
सावली.
"त्या दिवशी कुणालाच सावली नव्हती गं.
हार आला होता."

समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात.
जूनमध्ये, भर दुपारी, न सांगता येतो,
बोटी झाकतो, मग धक्का, मग समोरचं माणूस.
दहा वर्षं मी हा शब्द ऐकतेय
आणि दर वेळी क्षणभर मला झेंडूचा वास येतो.

फोटो पुन्हा पाहिला. खरंच.
बारा माणसं, चोवीस बूट, आणि खाली
जमीन सगळीकडे सारखीच करडी.
तीन दिवस मी एकट्या त्याच्याकडेच बघत होते.

सावलीपुढचा डोळा मिटला.
तो उभा राहिला.

सगळ्यांच्या वर एक कोरा लेयर घेतला,
बंदरातलाच करडा रंग उचलून ओतला,
नऊ टक्के, नवरीवरूनही.
"एवढा?"
"अजून थोडा. त्याच्या अंगावर."
अकरा.

पैसे मोजताना तिने विचारलं, बशी टाकलीस का?
नाही, म्हटलं, आहे खालच्या लेयरमध्ये, झाकलेली.
"तो गोड खायचा नाही," एफी म्हणाली.
"बशी माझी होती.
फोटो मी काढत होते ना."