फुली

चौदा मजल्यांच्या त्या इमारतीला
बाहेरून फुल्या मारायच्या होत्या,
पोलादाच्या, जोत्यापासून गच्चीपर्यंत.
मेक्सिको सिटीच्या पोटात अजून जुनं तळं आहे.
आटलं म्हणतात. चिखल मात्र विसरत नाही.

सातव्या मजल्यावर दोन्या ऑब्दुलिया
दार अडवून उभी, बोटांना मक्याचं पीठ:
"इंजिनिअरबाई, चाळीस वर्षं गणित शिकवलं मी.
फुली मारतात ती चुकलेल्या उत्तरावर.
माझ्या खिडकीचं काय चुकलं?"

खिडकीत जॅकरंडा होता, ऐन बहरात.

मी तिच्याच काड्यापेटीतला खण काढून घेतला,
उरलेलं कवच अंगठ्यानं रेटलं.
चौकोन निमूट आडवा झाला.
उभे खांब, आडव्या तुळया,
सगळी नाकासमोर चालणारी माणसं.
वरून कितीही लादा, ब्र काढणार नाहीत.
बाजूनं धक्का आला की मान टाकतात.
मग एक काडी कोपऱ्यातून कोपऱ्यात...

"कर्ण मला शिकवू नका," ती म्हणाली,
पण कवच हातात घेतलं,
दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.
"म्हणजे वाकड्यात शिरणाराच घर सांभाळतो.
हे एव्हारिस्तोला आधी कळलं असतं,
तर किती मिरवला असता."

मे महिन्यात सिल्व्हेरियोनं तिच्या मजल्याचा सांधा जोडला.
ठिणगीनं पडद्याला भोक पडलं.
ते बिलातून वळतं करून घेतलं तिनं,
पैशापैशाचा हिशेब मांडून.

सप्टेंबरात रात्री भोंगा वाजला.
मी शहराच्या दुसऱ्या टोकाला,
अनवाणी, रस्त्यावर, कुणाचं तरी कुत्रं कडेवर,
आणि डोक्यात फक्त बोल्ट. सातवा मजला, डावीकडचे आठ.

पहाटे फोन लागला.
"कण्हली हो तुमची फुली," ती म्हणाली.
"जिना गाठणं माझ्या गुडघ्यांना जमेना,
म्हणून तळवा ठेवून उभी राहिले तिच्यावर.
एक हात ओढत होता, दुसरा रेटत होता,
मग ओढणारा रेटायला लागला, रेटणारा ओढायला.
कपाटातल्या तीन बशा गेल्या. लिहून घ्या."

लिहून घेतल्या.
मग उगाचच विचारलं, झाड दिसतं का आता?

"मान जरा कलती केली," ती म्हणाली,
"की दिसतं."