टिकटिक

मेडिकल चौकात, हॉर्नच्या गदारोळात,
एक कान बोटानं बंद करून मी ओरडते:
"जैने, फोन छातीशी धर. लुगड्यावरून नको."

नेटवर्कसाठी ती टेकडी चढून आलेली,
म्हणून आधी नुसती धाप ऐकू येते.
मी थांबते.
चढून दमलेला श्वास वेगळा, आणि तो दुसरा वेगळा.
एवढं ओळखायला मला नऊ वर्षं लागली.

मग येते ती.
टिक.
टिक.
आमच्या अकरा नंबरच्या बेडवरून गेलेली धातूची झडप
आता भामरागडच्याही पलीकडे चालते आहे.

ऑपरेशननंतर तिनं काहीतरी विचारलं होतं.
दुभाष्यानं दोनदा सांगितलं, तेव्हा कळलं:
"आत घड्याळ ठेवलं, तर किल्ली कोनाजवळ?"
डॉक्टर हसले. मीही हसले.
त्या रात्री मेसमध्ये घास उतरेना.

माझी पहिल्या वर्षाची वही लाल आहे.
पुंगाटी, आली नाही.
हिचामी, आला नाही.
उसेंडी, दोनदा नाही.
वळणदार अक्षर, माझंच.
निष्काळजी म्हणायचो आम्ही त्यांना,
नदीला कोणी काही म्हणत नव्हतं.

मग एका श्रावणात रजा टाकून मीच गेले.
डिस्चार्ज कार्डावर छापलेलं, पालेभाजी टाळा.
जैनीच्या मायनं टोपली पुढं केली,
तरोटा, तरोटा, खाली पुन्हा तरोटा.
घरात दुसरं काही नव्हतंच.
मी कार्डावर काट मारली: रोज एक मूठ, तेवढीच.
मूठ मायची, माझी नाही.
पुऱ्या गोळीला मोठी गाठ, अर्धीला लहान,
अशी महिन्याची दोरी वळून दाराला टांगली.
धाकटा लालसू म्हणाला,
रात्री मी कान लावून झोपतो,
थांबली तर उठवीन.

टिक.
टि
आज आवाज ओल्या लाकडावर पडल्यासारखा.
"जैने, गोळी?"
बराच वेळ नुसता वारा.
"दोरी उंदरानं खाल्ली, सिस्टर. पाच दिवस झाले."

मग मी काय काय बोलले ते आठवत नाही.
एकशेआठ, मडावी सिस्टर, पुलावर किती पाणी,
कॅथलॅब, रक्त, बेड अडवून ठेवा,
कोणता बेड, कोणताही, बाप्पा, कोणताही!
चहावाल्यानं न मागता स्टूल दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपरच्या दारात गाडी लागली.
स्ट्रेचर आत गेलं.
मागून लालसू उतरला, अनवाणी,
मुठीत दोरीचा उरलेला तुकडा.
माझ्याकडे न बघता काहीतरी पुटपुटला.
दुभाष्या जेवायला गेला होता. तो येईस्तोवर
आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो.

"तो म्हणतो,
कौलावर पाऊस लई होता.
त्याले नीट ऐकू आलं नाही."

रजिस्टर उघडलं.
नाव, वय, गाव, आयएनआर.
हे कुठं लिहू?