पिकगार्ड

एलिशा साळवेनं पिशवीतून काढली
तीन तुकडे झालेली एक पट्टी
आणि तशीच कापून आणलेली दुसरी, कोरी.
म्हणाला, फक्त रंग जुळवून द्या,
पिकगार्ड म्हणतात याला.
मी म्हणालो, पिकाची राखण?
आमच्यात बुजगावणं म्हणतात.
तो हसला नाही. मग हसला.

भोकरदन नाक्याच्या पलीकडं माझं शेड.
डेंटिंग-पेंटिंग. पाटीवरची अक्षरं मीच काढलेली,
दुसरा 'टिं' जरा मोठा झालाय, राहू दिलाय.
सव्वीस वर्षं दारं, बोनेट, मडगार्ड.
गिटार पहिल्यांदाच आली टेबलावर
आणि मी तिच्याखाली वाकळ अंथरली,
नवरदेवाच्या गाडीलाही कधी अंथरली नव्हती.

सोनेरी आहे, तो म्हणाला.
कुठं सोनेरी?
वर, मानेपाशी, हो, अजून लग्नपत्रिकेसारखी.
खाली, जिथं मनगट घासतं,
तिथं हिरवट,
भाद्रपदात मोसंबीच्या आडतीवर
हिरवं सुटता सुटता असतं तशी.
आणि कोपराच्या जागी सोनं संपून लाकूड.

'भावाचा हात,' एलिशा म्हणाला.
'शमुवेल. एकवीस वर्षं ऑर्केस्ट्रात.
मंठा, परतूर, सेलू, जिंतूर,
उरूस, गणपती, हळदी.
घाम लई यायचा त्याला.'

वहाबचाचा, ज्यांच्या हाताखाली मी ब्रश धुतले,
सांगायचे, लाल-निळा जुळव डोळे झाकून,
सोनेरीला हात लावताना मात्र वजू करून ये.
हा रंग बसत नाही एका जागी,
तू डावीकडं सरकलास की तोही सरकतो.

पितळी पूड घेतली, फार पिवळी.
काळ्याचा एक थेंब, मेली.
खाली पांढरं मारून बघितलं, खाली राखाडी,
वार्निशात चहाइतका तपकिरी,
सुईच्या टोकानं हिरवा.
डब्याच्या झाकणावर ठिपक्याशेजारी ठिपका,
तेरा सोनेरी, आणि एकही तो नाही.
पोरगं म्हणालं, मालक, तेवढ्यात
एक ट्रॉली झाली असती.
झाली असती.

नववा ठिपका उन्हात जुळला.
संध्याकाळी ट्यूबखाली नेला तर परका,
सोयऱ्याच्या लग्नात आलेल्या
शेजाऱ्याच्या पाव्हण्यासारखा.
मी एलिशाला फोन लावला,
ही बघणार कुठं, दिवसा का दिव्यात?
पलीकडं बराच वेळ भांडी वाजत राहिली.
'बघणार कुठं...' तो म्हणाला,
'साखरेनं डोळे गेलेत दादाचे.
थोडं पिवळं दिसतं, बल्ब जवळ धरला तर.'

मग मी ट्यूब बंद केली.
मोरीतला साठचा बल्ब काढून आणला,
गुडघ्याला टेकवून धरला पोरानं,
आणि त्या उजेडात परत पहिल्यापासून.
कुणाला म्हणून सांगणार,
ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी
मी रात्री पावणेदोनला
अकराव्याच्या आणि नवव्याच्या मधला
एक सोनेरी शोधत होतो.

शमुवेल रिक्षातून आला, एलिशाच्या खांद्यावर हात.
त्यानं बल्ब मागितला नाही.
अंगठा ठेवला जुन्या अंगावर, खुंट्यांपासून खाली आणला,
पट्टीची कड लागली तिथं थांबला.
'इथं नवीन आहे.'
मी म्हणालो, रंग जुळलाय, उन्हात जरासा...
'असंल,' तो म्हणाला, 'गुळगुळीत लई आहे.
वाजवतो. सुटंल.'

पैशावरून एलिशानं घासाघीस केली,
मीही केली. चारशे सांगितले, तीनशे वीस घेतले.

झाकण आहे अजून खिळ्याला.
सोनेरी मागणारं कुणी आलं
की मी तेच पुढं करतो,
घ्या, कुठला पाहिजे.
सगळे पहिल्यावर बोट ठेवतात.