टिंब

अंबडच्या ऑफिसात दुपारनंतर एसी दमतो
आणि समोरच्या कारखान्यात पत्रा ठोकणं सुरू राहतं.
टेबल उघडलं. बचत गटांच्या कर्जांचं, आम्हीच बांधलेलं.
दोनशे चौदा बायकांच्या मधल्या नावाच्या जागी
नुसतं टिंब.

निनाद म्हणाला, डेटा घाण आहे, साफ करून टाक.
निनाद वाईट नाही. चहा सगळ्यांना विचारून मागवतो.
साफसफाई तुला छान जमते,
हेही तो चांगल्या मनानंच म्हणतो.

रकाना मीच लिहिला होता, तीन वर्षांपूर्वी.
पुढे तांबडी चांदणी: भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
हात अडला नव्हता लिहिताना.
माझंही मधलं नाव तेव्हा कोरं करकरीत होतं,
आणि जुनं, वडिलांचं, अजून पॅन कार्डावरून उतरायचं होतं.

आमच्या धंद्यात सर्व्हर तो. तो पडला की सगळे धावतात.
फाईल ती. उघडायची, मिटायची, चुकून उडवायची.
बग तो, पण सापडतो हिच्या कोडमध्ये.
सॉफ्टवेअर ते. लहान मुलासारखं ते, सगळ्यांचंच,
रात्री रडलं तर उठायचं मात्र कुणीतरी एकीनं.

शनिवारी गेले ओझरच्या पुढे, पॅकहाउसात.
छबूबाई गांगुर्डे घड हातात फिरवत होत्या,
बारक्या कात्रीनं कुजका मणी उडवत.
मान वर न करता म्हणाल्या,
"मेलेल्याचं टाकलं तर मशीन त्याचा आधार नंबर मागतं.
टाकून गेलेल्याचं टाकलं, तर उद्या तोच यायचा पैसं मोजायला.
बापाचं टाकावं तर भाऊ म्हणतो, वाटणी पायजे का तुला?
मग मंदीनं सांगितलं, टिंब दाब.
टिंबाला घेतंय."

मंदी कोण, ते विचारायचं राहिलं.
तिची युक्ती मात्र सहा गावं फिरून आमच्या टेबलात आली होती,
आणि आम्हाला वाटत होतं, वापरणाऱ्यांची चाचणी आम्ही घेतो.

परतताना द्वारकेला नेहमीसारखं अडकलो.
रिक्षावाला पुढच्या गाडीला शिव्या देत होता, आईबहिणीवरूनच.
या गावाचं नाव म्हणे एका बाईच्या कापलेल्या नाकावरून पडलं.
तिनं काय मागितलं, कुणाकडे मागितलं,
शेंबड्या पोरालाही पाठ आहे.
तिचं मधलं नाव कुणी विचारलं नाही.

सोमवारी चांदणी काढली.
एका ओळीचं काम. खाली नोंद लिहायची असते, काय बदललं त्याची.
मीटिंगमध्ये मी "करते" म्हटलं
की काम मागे राहतं, बाई आधी ऐकू येते.
येण्याजाण्यातही सुटका नाही: मी गेले, मी आले.
पण केलं, लिहिलं, काढलं,
इथे मराठी जरा सैल सोडते.
त्यानं केलं, मी केलं, क्रियापदाला फरक पडत नाही.

नोंद लिहिली: चांदणी काढली.
स्त्रीलिंगी आहे, पण ते चांदणीमुळे,
माझ्यामुळे नव्हे.
हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला.
एवढ्या लपाछपीसाठी का शिकले मी हे सगळं?
नोंद पुसली नाही. खाली नाव घातलं,
नुसतं नाव, वैदेही,
मागे पुढे काही नाही.

निनादनं मंजुरीचा अंगठा दिला.
विचारलं, जुनी टिंबं?
म्हटलं, असू दे. डेटा आहे तो.
तो म्हणाला, कसला?
आणि मला पटकन सांगता आलं नाही.

काल सहज टेबल उघडलं.
दोनशे पंधरा.
मोहाडीची कुणी विमल, बुधवार, रात्री अकरा चाळीस.
चांदणी नव्हती. रकाना रिकामा सोडता येत होता.
तरी दाबलेलं.